शनिवारची दहा मिनिटं

सगळे त्याला दहामिनिटे म्हणत. आडनाव असावं तसं. नव्या माणसाला ते खरंच आडनाव वाटायचं आणि कुणी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे. घरी कार्य असलं की हा म्हणणार, दहा मिनिटं तोंड दाखवून जातो. बायको दवाखान्याच्या रांगेत बसलीय, दहा मिनिटांत पोचतो. आणि दर शनिवारी सकाळी दहाला तो आपला डिझेल जनरेटर सुरू करायचा, तोही घड्याळ लावून दहा मिनिटं. टिंगलखोरांनी हे सगळं एकत्र केलं आणि बारीक हसत नाव पाडलं. ते इतकं चपखल बसलं, की पुढे पुढे खाद्याच्या पावतीवरही तेच येऊ लागलं. त्याला राग यायचा नाही. राग यायलाही जरा फुरसत लागते, आणि ती त्याच्याकडे नव्हती.

त्याच्याकडे होत्या अंडी देणाऱ्या चार हजार कोंबड्या. धंद्यात त्यांना कोंबड्या म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात, जशा काही त्या उद्या उडून जाणार आहेत. लांबलचक बंद शेड, खिडकी एकही नाही. एका टोकाला पाणी झिरपणाऱ्या जाळ्या, दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीचे सहा पंखे. पंखे आतली हवा बाहेर ओढतात, ओल्या जाळीतून गार हवा आत येते, पक्षी सुखात राहतात. पण भर उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि पंखे थांबले, की बंद शेडची भट्टी व्हायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पक्षी चोची उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात, आणि मग एकेक करून खाली बसतात ते उठत नाहीत.

हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक जुनं, कुणाचं तरी वापरून झालेलं मशीन होतं. एका दुपारी वीज गेली आणि त्या मशीनची बॅटरी मेलेली निघाली. नवराबायकोनं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून जोडेपर्यंत पाऊण तास गेला. संध्याकाळी दोघांनी मिळून मेलेल्या पक्ष्यांची पोती भरली. किती भरली, तो विषय दोघांनीही नंतर कधी काढला नाही. त्याच्या बायकोला त्यानंतर महिनाभर अंडं हातात धरवत नव्हतं, तरी ती रोज गोळा करत होती.

मग त्यानं नवा जनरेटर घ्यायचा ठरवला. दुकानदारानं कागद पुढे ओढून हिशेब मांडला. सहा पंखे, दोन पंप, खाद्याची मोटर, दिवे. मोटर सुरू होताना जास्तीचा झटका घेते, तोही धरला. "पंचवीस केव्हीए घ्या," तो म्हणाला. "तेही तुम्हाला सैल होईल."

"आणि पुढं शेड वाढवलं तर?"

"वाढवाल तेव्हा बघू. मशीनला पुरेसं काम मिळायला हवं हो. रिकामं मशीन चांगलं नाही."

दहामिनिटेनं साडेबासष्ट केव्हीएचं घेतलं. अडीचपट. मोठं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला लहान घ्या म्हणणारा दुकानदार त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, आणि नेमका त्याच्यावर यानं विश्वास ठेवला नाही. त्याला वाटलं, याच्याकडे मोठं शिल्लक नसणार. दुसरं शेड पुढे कधी झालंच नाही. लेक शिकायला गेली, तिकडेच नोकरीला लागली, तिकडेच संसार मांडला. मशीन मात्र आलं ते आलं. हिरवं, खोलीएवढं.

त्या मशीनची त्यानं जी निगा राखली, तशी माणसं स्वतःच्या दातांचीही राखत नाहीत. स्वतंत्र पत्र्याची खोली, चारी बाजूंनी वारा खेळता. टाकीत डिझेल कायम भरलेलं, म्हणजे आत वाफ धरून पाणी साचायला नको. दर महिन्याला तळाचा नळ सोडून गाळ काढायचा. बॅटरीची टोकं घासून त्यांना व्हॅसलीन. तेल आणि फिल्टर तारखेला म्हणजे तारखेला. अक्षरशः डोळ्यांत तेल घालून. आणि शनिवारी दहाला सुरू करायचं, दहा मिनिटं चालवायचं, आवाज ऐकायचा, बंद करायचं, फडक्यानं पुसायचं. भिंतीला टांगलेल्या वहीत लिहायचं: तारीख, बॅटरी, तेल, पाणी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात अकरा वर्षं एकच शब्द होता. उत्तम.

फक्त एक गोष्ट तो करत नसे. त्या दहा मिनिटांत शेडचा भार तो मशीनवर टाकत नसे. चेंजओव्हर, म्हणजे वीज इकडून तिकडे फिरवायचा खटका, ओढला की पंखे दहा-वीस सेकंद थांबतात, दिवे जातात, पक्षी दचकून एकमेकांच्या अंगावर धावतात. दुसऱ्या दिवशी पातळ कवचाची अंडी निघतात. उगाच कशाला त्यांना त्रास? मशीन चालतंय एवढं कळलं की झालं. खरोखर वीज जायची तेव्हा मशीन भार घ्यायचंच की. पण अलीकडे वीज फारशी जातच नव्हती. दोन-चार महिन्यांतून कधीतरी, तीही पाचदहा मिनिटं, आणि उन्हाळा नसला तर दोनच पंखे चालू. सायलेन्सरच्या सांध्यातून हल्ली काळं, चिकट काहीतरी गळायचं. तो ते पुसून टाकायचा. "घाम येतो त्याला," असं एकदा त्यानं बायकोला सांगितलं होतं, लाडानं.

 बायकोला त्या मशीनबद्दल फारसं प्रेम नव्हतं. ते आल्यावर आपण मोकळे होऊ असं तिला सुरुवातीला वाटलं होतं, कारण तेच सांगून त्यानं ते घेतलं होतं. झालं उलटंच. आधी तो पक्ष्यांना सोडून हलत नसे, आता पक्षी आणि मशीन दोघांना सोडून हलेना. शेडचे दोन भाग होते, एकातला पक्ष्यांचा लॉट म्हातारा होईपर्यंत दुसऱ्यात नवा भरलेला, म्हणजे शेड रिकामं असा दिवसच येत नसे. लेकीच्या बाळंतपणाला ती एकटी गेली. नातवंडं तिनं एकटीनं फिरवली. लग्नकार्यात "आणि ते?" असं कुणी विचारलं, की ती "शेड" एवढंच म्हणायची आणि पुढचं ताट वाढायला घ्यायची.

त्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. कसली, ते काढल्यावरच कळणार होतं. ऑपरेशन लेकीच्या गावी, सोमवारी सकाळी. तपासण्यांसाठी लेक तिला बुधवारीच न्यायला आली. निघताना बायको दारात चप्पल घालत म्हणाली, "या वेळी मला तुम्ही बाहेर बसलेले हवे आहात. काही करू नका. नुसतं बसा."

"रविवारी संध्याकाळी पोचतो," तो म्हणाला.

"बघा बाई," ती कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे, आणि गाडीत जाऊन बसली.

त्याला जायचंच होतं. एवढं तरी त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. गाठ म्हटल्यापासून त्याला झोप नव्हती. पण वीजवाल्यांनी मुहूर्त असा साधला, की खांब बदलायचे म्हणून त्याच सोमवारपासून आठवडाभर दुपारी दोन-दोन तास वीज बंद, अशी चिठ्ठी आली. म्हणजे मशीन लागणारच. त्यानं मावसभावाला बोलावून घेतलं. हा निवृत्त बस कंडक्टर, बोलका, आणि हाताला काहीही लागू न देणारा. त्याला त्यानं गुरुवारी दिवसभर शिकवलं. किल्ली फिरवायची, तीस सेकंद थांबायचं, मग खटका. पंखे एकेक करून लावायचे, सगळे एकदम नाही.

"म्हणजे पाठीमागच्या दारातून एकेकाला चढवायचं," कंडक्टर म्हणाला.

"तसंच समज."

"मग जमलं. दादा, तू बिनघोर जा."

पण बिनघोर जाणाऱ्यातला तो नव्हता. जाण्याआधी कुणा जाणत्यानं मशीन बघून 'ठीक आहे' म्हणावं, एवढं त्याला हवं होतं. शुक्रवारी सकाळी कंपनीचा मेकॅनिक येणार होता. स्कूटर थांबली, तिशीतली एक बाई हत्यारांची पिशवी खांद्याला लावून उतरली. दहामिनिटेनं तिच्या मागे अजून कुणी येतंय का ते पाहिलं.

"मीच आहे काका," ती म्हणाली. तिला हे सवयीचं असावं.

तिनं तेल पाहिलं, पट्टा दाबून पाहिला, डिझेल बाटलीत काढून उजेडात धरलं. "इतकं स्वच्छ मशीन मी पाहिलं नाही," ती म्हणाली, आणि दहामिनिटेचा चेहरा जरा सैलावला. मग ती सायलेन्सरपाशी गेली, सांध्याखाली बोट फिरवलं, आणि ते नाकाशी नेलं.

"चालवता कधी?"

त्यानं वही काढून दिली. अकरा वर्षांचे शनिवार. ती पानं उलटत गेली. सुरुवातीला भराभर, मग सावकाश.

"लोडवर?"

"नाही. पक्षी बिचकतात ना."

"कधीच नाही?"

"वीज गेली की असतोच की लोड."

ती वही मिटून म्हणाली, "आता देऊन बघू. सगळे पंखे."

त्याला ते नको होतं. तरी त्यानं मशीन सुरू केलं आणि खटका ओढला. शेडमधला घरघराट थांबला, आत एकदम गलका उठला. पहिला पंखा लागला, दुसरा लागला. तिसऱ्याला मशीनचा सूर खाली आला. चौथ्याला धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला आणि दिवे पिवळे पडले. पाचव्या पंख्यानं दोन फेऱ्या मारल्या असतील नसतील, मशीन धापा टाकल्यासारखं करत बंद पडलं. चार हजार पक्षी आत ओरडत होते. त्यानं धावत जाऊन खटका परत विजेवर टाकला. 

"काका, बसा जरा," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःच अंड्यांचा एक रिकामा क्रेट उलटा करून दिला. "हे मशीन पन्नास माणसांच्या पातेल्यासारखं आहे. तुम्ही त्यात दोघांचा चहा करता. आणि शनिवारी तोही नाही, नुसतंच पातेलं चुलीवर. दहा मिनिटांत हे इंजिन गरमसुद्धा होत नाही. कोमट इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं आत साचतं, काजळी धरते, नोझल बुजतात, सिलिंडर आतून काचेसारखा गुळगुळीत होतो. मग ताकद राहत नाही."

"ते गळतं ते..."

"ते न जळलेलं डिझेल आणि काजळी. तुम्ही पुसत होता ना?"

"पुसत होतो."

 तिला वाईट वाटलं होतं आणि ते लपवायला ती आपली हत्यारं पुसायला लागली.

कंडक्टर मधेच म्हणाला, "म्हणजे रिकाम्या फेऱ्या. आमच्याकडेही रिकाम्या फेरीच्या गाड्याच जास्त खिळखिळ्या व्हायच्या." कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"म्हणजे चालवलंच नसतं तर बरं होतं," दहामिनिटे म्हणाला.

"महिन्यातून एकदा तासभर लोडवर चालवलं असतं तर बरं होतं. किंवा लहान मशीन घेतलं असतं तर." मग तिनं बोलणं थोडं गोड केलं. "मेलेलं नाहीये ते. उघडावं लागेल. सामान यायला दहा-बारा दिवस."

"सोमवारी लागणार आहे."

"भाड्याचं?" असं म्हणत तिनं स्वतःच तीन ठिकाणी फोन केले. असल्या उन्हात आणि आठवडाभर सगळीकडेच वीज बंद असताना भाड्याचं मशीन कुणाकडे उरलं नव्हतं.

ती गेल्यावर तो त्या क्रेटवरच बसून राहिला. माणूस दमतो तो कामानं नव्हे, असं त्याला त्या दिवशी कळलं. अकरा वर्षं तो दमला नव्हता. आपण सांभाळतोय, या एका गोष्टीवर तो उभा होता. आता एकदम सगळी वर्षं खांद्यावर येऊन बसली. रागावायला कुणी नव्हतं. दुकानदारानं सांगितलं होतं. मशीननं गळून गळून सांगितलं होतं. आणि आपण फडकं घेऊन उभे.

आत पक्षी अजून शांत झाले नव्हते. विचार करायला फारसं काही नव्हतं. सोमवारी दुपारी दोन तास पंखे बंद. तो इथे असता तर काय करणार होता? पत्रे उचकटले असते, पाणी मारलं असतं, बादल्या घेऊन पळाला असता. काही वाचले असते. कंडक्टरकडून तेही होणार नव्हतं. म्हणजे थांबायला हवं. दुपारी त्यानं बायकोला फोन लावला.

तिनं उचलला. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "येता येत नाहीये ना?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी उलट बोलता आलं असतं. दुकानात माल संपलाय का असं विचारावं, तसं तिनं विचारलं. पाठीमागे लेक कुणाशी तरी बोलत होती. तिनं तिथूनच लेकीला सांगितलं, "बाबांचं नाही जमत गं. तू सोमवारची रजा टाक."

"मी येतोय," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. तिचा विश्वास बसला नव्हता. त्याचाही बसला नव्हता.

तसाच फोन हातात धरून तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं पक्ष्यांच्या व्यापाऱ्याला लावला. म्हाताऱ्या लॉटचे अंडी द्यायचे अजून तीन महिने बाकी होते. ते पक्षी त्यानं विकतो म्हणून सांगितलं. व्यापाऱ्यानं दोनदा विचारलं, रोगबिग आलाय का. दराचं तो बोलायला लागला तेव्हा दहामिनिटे म्हणाला, "तुला देता येईल तो दे, फक्त उद्याच घेऊन जा." नवा लॉट ओढ्यापलीकडच्या शेडवाल्यानं घेतला. त्याच्याकडे जागा होती आणि चालणारं मशीनही होतं. लहानसं.

शनिवारी सकाळी सहाला गाड्या आल्या. पकडणारी माणसं तरबेज होती, एका हातात चार-चार पक्षी, पाय धरून उलटे. दहामिनिटे दारात उभा राहिला आणि मग त्यालाही राहवेना, तोही पकडू लागला. दहा वाजून गेले ते त्याच्या लक्षातही आलं नाही. एक वाजता शेवटची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. शेडमध्ये नुसती पिसं आणि वास. सहाही पंखे इमानेइतबारे कुणासाठीही नसलेली हवा ओढत होते. ते त्यानं एकेक करून बंद केले. त्या शांततेत त्याला कानात काहीतरी झालंय असं वाटलं.

रविवारी संध्याकाळी तो लेकीच्या दारात उभा राहिला तेव्हा बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हातपाय धुवा." शेडचं तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ती बातमी तो दोन दिवस जपून ठेवत होता, भेटवस्तू जपावी तशी. तुझ्यासाठी चार हजार पक्षी सोडून आलो, असं माणसाला आयुष्यात एकदाच म्हणता येतं.

सोमवारी तो ऑपरेशन थिएटरच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर पाच तास बसला. काही केलं नाही. लेकीनं चहा आणला तो गार झाला. डॉक्टर बाहेर आल्या, म्हणाल्या गाठ पूर्ण निघाली, दिसायला तरी साधी वाटते, पक्कं रिपोर्ट आल्यावर. त्यानं मान हलवली आणि परत बसला. 

संध्याकाळी तिला खोलीत आणलं. लेक औषधं आणायला खाली गेली होती. तो खुर्ची ओढून कॉटशी बसला आणि तिचा हात हातात घेतला. असं तो कधी करत नसे, पण आज केलं.

"कितीला आलात?" तिनं डोळे न उघडता विचारलं. जीभ अजून जड होती.

"सकाळपासून इथेच आहे."

"शेडवर कंडक्टर?"

"कुणी नाही."

तिनं डोळे उघडले.

"पक्षीच नाहीत," तो म्हणाला. "सगळे देऊन टाकले. शेड रिकामं केलं."

"सगळे?"

"सगळे. एकही ठेवला नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो वाट बघत होता. तिचे ओठ कोरडे होते, ते तिनं जिभेनं ओले केले.

"किती वेळ लागला?"

"कशाला?"

"रिकामं करायला."

"सहाला गाड्या आल्या. एकपर्यंत झालं. माणसं चांगली होती."

"म्हणजे अर्धा दिवस."

"हो, अर्धाच दिवस."

ती छताकडे बघायला लागली.  मग अगदी हळू, जसं काही स्वतःशीच ताळा जुळवून बघावा तसं, म्हणाली, "आई जाण्याआधी तीन आठवडे अंथरुणाला होती. रोज विचारायची, जावई येऊन गेले का. मी सांगायचे, त्यांना निघता येत नाही गं, शेड सोडताच येत नाही. मी तिची समजूत घालत नव्हते. मला खरंच वाटायचं, की सोडता येत नाही."

त्याच्या मनात आलं, मशीनचं सांगावं, वीज बंदचं सांगावं, तेव्हा तसं सुचलंच नाही हे सांगावं. 

तिनं त्याच्या हातातून हात काढून घेतला नाही. पण त्याचा हात तिनं धरलाही नाही.